ऑक्टोबरातच ठरतो मे

विहिरीचं पाणी मोजायचं काम वर्षातून चारदा येतं: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पावसाळ्यानं विहिरी किती भरल्या ते ऑक्टोबरात कळतं, किती रिकाम्या झाल्या ते मेमध्ये. मधल्या दोन मोजण्यांची कुणी फारशी चौकशी करत नाही. औंढा नागनाथ तालुक्यातल्या विहिरींवर टेप सोडण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे. जिला आपण उन्हाळ्यातली टंचाई म्हणतो, ती उन्हाळ्यात येतच नाही. ती दिवाळी ते संक्रांत एवढ्या दिवसांत तयार होते, आणि त्या दिवसांत तिच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

आमच्याकडे पाऊस पडत नाही, असा बाहेरच्यांचा समज असतो. मराठवाडा म्हटलं की भेगाळलेली जमीन डोळ्यांपुढे येते. पण हिंगोली जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेआठशे-नऊशे मिलिमीटरच्या घरात आहे, बीड-धाराशिवच्या मानानं पुष्कळच बरा. वर पूर्णा नदीवर दोन मोठी धरणं. येलदरी शेजारच्या जिंतूर तालुक्यात, आणि त्याच्या खालचं सिद्धेश्वर आमच्याच औंढा तालुक्यात. दोन्ही साठच्या दशकात उभी राहिली. त्यांचं पाणी कालव्यानं वसमतकडं जातं, पुढं परभणी-नांदेडच्या शिवारात जातं. वसमतच्या हळदीचं नाव झालं त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे. आणि धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरपट्टीतल्या वाड्या-तांड्यांवर फेब्रुवारी संपता संपता घागरींची रांग लागते. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आमच्याकडं कुणी म्हण म्हणून वापरत नाही. सांगायचं असतं तेच तसं आहे.

याचं कारण उंची. कालवा उताराच्याच दिशेनं वाहतो, धरणाच्या वर असलेल्या गावाला त्याचा उपयोग नाही. पाणी वर चढवायचं तर पंप हवा, वीज हवी, मैलोन्‌मैल पाइप हवा आणि महिन्याच्या महिन्याला बिल भरणारं कुणीतरी हवं. एका योजनेत अनेक गावं गुंफली की एका गावाची थकबाकी सगळ्यांच्या नळाला भोवते. अशा योजना सुरू होताना मी पाहिल्या आणि बंद पडताना पण पाहिल्या. मग गावाला उरते ती स्वतःच्या शिवारातली विहीर.

अजिंठ्याच्या डोंगररांगांची शेवटची टोकं आमच्या तालुक्यात उतरतात. त्यांच्या माथ्यावर उभं राहिलं की पाण्याची वाटणी कशी होते ते कळतं. दक्षिणेच्या उतारावर पडलेला पाऊस पूर्णेला मिळतो आणि पूर्णेतून गोदावरीला. उत्तरेकडचा पाऊस ओढ्यांनी कयाधूत जातो, कयाधू पैनगंगेत, पैनगंगा वर्धेत, मग प्राणहिता, आणि सिरोंचाजवळ तीही गोदावरीलाच मिळते. माथ्यावरून दोन्हीकडं पाणी जातं. माथ्यावर राहत मात्र नाही.

खडक हे दुसरं कारण. इथला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला. वर हातभर माती, माथ्यावर तर तीही नाही. मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, त्याखाली सलग पाषाण. मध्ये कुठं मांजऱ्या लागतो, कुठं गेरूचा लाल पट्टा. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत, आणि ही जागा फार थोडी असते. शंभर घनमीटर खडकातून आपल्या हाती दोन-तीन घनमीटर पाणी लागलं तर ते पुष्कळ. म्हणून आमच्या विहिरी एका चांगल्या पावसात काठोकाठ भरतात, ओसंडतात सुद्धा. लोकांना वाटतं, औंदा ददात नाही. पण भरलेली विहीर म्हणजे भरलेलं शिवार नव्हे. ती लवकर भरते कारण साठवण लहान आहे, आणि त्याच कारणानं लवकर आटते.

मोजायची रीत साधी आहे. पोलादी टेपच्या टोकाकडच्या मीटरभर भागाला खडू चोळायचा. विहिरीच्या कठड्यावर तांबड्या रंगाची खूण असते, तिथून टेप खाली सोडायची. टोक पाण्यात गेलं की टेप खुणेवर एखाद्या पुऱ्या आकड्याला धरायची आणि वर ओढून खडू कुठवर भिजला ते वाचायचं. वरच्या आकड्यातून भिजलेला भाग वजा, कठड्याची उंची वजा, उरेल ती जमिनीपासून पाण्याची खोली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरात ठरवलेल्या निरीक्षण विहिरींच्या अशा नोंदी वर्षानुवर्षं ठेवत आली आहे. यंदाचा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडायचा, आणि पाणी किती खाली आहे त्यावरून कुठल्या भागाला कधी टंचाई जाणवेल याचा अंदाज बांधायचा. आता काही ठिकाणी यंत्रं बसली आहेत, आकडा आपोआप जातो. पण विहिरीवर जाऊन उभं राहिलं की आकड्यापलीकडचं बरंच दिसतं: शेजारच्या शेतात काय पेरलंय, मोटार किती अश्वशक्तीची आहे, कपारीतून झरा वाहतोय की नुसता पाझरतोय, नवं आडवं बोअर कुणी मारलं.

एका तांड्याच्या विहिरीचं सांगते. तांडा माथ्याच्या जरा खाली, साठ-सत्तर उंबऱ्यांचा. विहीर सहा-सात परस खोल, दगडानं बांधलेली. ऑक्टोबरात पाणी एवढं वर असायचं की पोरं कठड्यावरून सूर मारायची. जानेवारीत मी गेले की ते सहा मीटर खाली गेलेलं असायचं. तेव्हाही विहिरीत दोन-अडीच मीटर पाणी उभं असे, बायका दोरानं घागर भरून नेत, कुणाची तक्रार नसे. खालच्या अंगाला दोन शेतं सोडून दुसरी विहीर, तिच्यावर गव्हाचं रान भिजत असे. त्या विहिरीत उपसा सुरू झाला की तांड्याच्या विहिरीतलं पाणी उतरायला लागे. दोन्ही विहिरी एकाच भेगाळ थरावर. जमिनीवर दोन सातबारे, जमिनीखाली पाणी एकच.

त्या शेतकऱ्याला मी दोषी धरत नाही. त्याची जमीन, त्याचा खर्च, त्याच्या घरची वर्षाची भाकरी-पोळी. मी त्याच्या बांधावर बसून त्याच्यासोबत हिशेब मांडला होता. एकरभर गव्हाला पाटानं एक पाणी द्यायचं तर दोन लाख लिटरच्या आसपास लागतं. जल जीवन मिशननं माणशी दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. म्हणजे एका एकराचं एक पाणी हे हजार माणसांचं साडेतीन दिवसांचं पाणी झालं. तांडा चारशे माणसांचा, त्याला ते नऊ दिवस पुरलं असतं. आणि गव्हाला पाणी एकदा देऊन भागत नाही, पाच-सहा पाळ्या लागतात. हरभऱ्याचं दोन पाण्यांत निघतं. शेतकरी पाटीवरचा आकडा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “ताई, हे मला पेरायच्या आधी सांगायला पाह्यजे व्हतं. आता गहू पोटऱ्यात आला.”

तो बरोबर बोलला होता. जानेवारीत हे कळून कुणाचा फायदा? आणि आपली सगळी व्यवस्था तर त्याच्याही नंतर जागी होते. टंचाई आराखडा कागदावर ऑक्टोबरापासूनच सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर पहिला टप्पा, जानेवारी ते मार्च दुसरा, एप्रिल ते जून तिसरा. पण पहिल्या टप्प्यात कामं नावालाच असतात, खरी धावपळ तिसऱ्यात. विंधन विहिरी, नळयोजनेची दुरुस्ती, खासगी विहिरीचं अधिग्रहण, आणि शेवटी टँकर. हे सगळे उपाय खडकातलं पाणी संपल्यावरचे. ते उरावं म्हणून करायचा असा त्यांत एकही नाही.

विंधन विहिरीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण या तीस वर्षांत माथ्यावरचं पाणी सगळ्यात जास्त कशानं बदललं असेल तर बोअरनं. पाणाड्या हातावर नारळ उभा धरून शिवारात फिरतो, जागा दाखवतो, रात्री गाडी येते. पहिल्या तीस-चाळीस फुटांत ओल लागते, पण तिच्यावर कुणी समाधान मानत नाही. गाडी खाली जात राहते. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधन विहीर घ्यायला २००९च्या भूजल कायद्यानं मनाई आहे. शिवारात तीनशे-चारशे फूट ही रोजची गोष्ट झाली आहे. खोलवर पाणी लागलं तर ते कैक वर्षांपासून मुरत आलेलं असतं, आणि आपण ते एका-दोन हंगामांत काढतो. नाही लागलं तर नुसता धुरळा उडतो आणि कर्ज अंगावर बसतं. त्याहून वाईट गोष्ट जमिनीखाली घडते, ती कुणाला दिसत नाही. पैसे वाचवायला केसिंग वीस फुटांवर थांबवलं की वरच्या थरातलं, विहिरींना पुरवणारं पाणी बोअरच्या भोकातून खाली गळायला लागतं. रात्रीच्या शांततेत कोरड्या बोअरच्या तोंडाशी कान लावला तर आत पाण्याची धार पडल्याचा आवाज येतो. मी तो ऐकला आहे. कोरड्या गेलेल्या बोअरनं सुद्धा शेजारची विहीर हळूहळू रिकामी होत असते.

जुनी माणसं १९७२चा दुष्काळ सांगतात तेव्हा एक वाक्य हमखास येतं: बहात्तरला खायला नव्हतं, पण प्यायला होतं. रोजगाराच्या कामावर खडी फोडून आलेला माणूस विहिरीवर पाणी पिऊन झोपायचा. तेव्हा विहिरीवर मोट होती किंवा नवीन आलेलं इंजिन. बैल दमतो, म्हणून विहिरीला रात्रभर विसावा मिळायचा आणि झरे तेवढ्यात तिला भरून काढायचे. २०१५ साली मराठवाड्यात पाऊस सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाला. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या वर्षी दुकानात धान्य होतं, आणि प्यायचं पाणी वाघिणींतून येत होतं. आमच्या डोंगरपट्टीला रेल्वे नाही. इथं टँकर आले, आणि जिथं टँकर चढत नव्हता तिथं बैलगाडीवरच्या टाक्या आल्या.

त्या उन्हाळ्यात वर सांगितलेल्या तांड्यावर मी एक रात्र राहिले. विहिरीला मध्यरात्रीनंतर पाझर सुटतो म्हणून बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. एक जण खाली उतरायची, कपारीपाशी साचलेलं पाणी वाटीनं कळशीत भरायची, वरची दोर ओढायची. एक कळशी भरायला अर्धा-पाऊण तास. कळशीत गाळ यायचा, तो बसेपर्यंत थांबायचं, मग लुगड्याच्या पदरानं गाळायचं. सकाळपर्यंत चार-पाच घरांची सोय व्हायची. विहिरीत उतरणाऱ्या बाईच्या पायाखालचे खाचे ओले आणि गुळगुळीत झालेले होते. तिची सासू काठावर बॅटरी धरून बसलेली. मी विचारलं, “मावशी, हे कधीपासून चाललंय?” त्या म्हणाल्या, “होळीपासून. गहू निघाला, पानी पण निघालं.” एवढंच बोलून त्यांनी बॅटरी पुन्हा खाली वळवली. माझ्या वहीत ऑक्टोबर ते मे चार आकडे असतात. त्या आकड्यांचा अर्थ त्यांनी दोन वाक्यांत सांगितला होता.

पुढं एका प्रशिक्षणात मला हिमालयातल्या झऱ्यांबद्दल ऐकायला मिळालं आणि आपलं दुखणं केवढं पसरलेलं आहे ते लक्षात आलं. बर्फाच्या शिखरांच्या पायथ्याशी पाण्याची टंचाई असेल असं आपल्याला वाटत नाही. पण नेपाळमध्ये, उत्तराखंडात, सिक्कीममध्ये मधल्या डोंगरांवरची गावं बर्फाच्या पाण्यावर जगत नाहीत. नद्या खोल दऱ्यांतून वाहतात, गाव वर असतं. गाव पितं ते झऱ्याचं पाणी, आणि झरा पावसावर चालतो. निती आयोगाच्या २०१८च्या अहवालात हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटल्याचं किंवा हंगामी झाल्याचं म्हटलं आहे. काठमांडूच्या खोऱ्यात शेकडो वर्षांच्या दगडी धारा आहेत, त्यांतल्या कित्येक आता कोरड्या आहेत. शहराला पाणी पाजायला नेपाळनं मेलम्ची नदीचं पाणी २७ किलोमीटरांहून लांब बोगद्यानं आणलं. ते २०२१च्या मार्चमध्ये पोचलं आणि त्याच जूनमधल्या पुरानं बोगद्याच्या तोंडाशी दगडमातीचा डोंगर आणून टाकला. दूरवरून मोठं पाणी आणणं किती नाजूक असतं, ते त्यात दिसतं.

सिक्कीमनं दुसरा रस्ता धरला. २००८पासून तिथं ‘धारा विकास’ कार्यक्रमात आटत्या झऱ्यांचा माग काढला गेला. झरा कुठल्या थरातून येतो, त्या थराला पाणी कुठून मिळतं, हे आधी शोधायचं आणि मग नेमक्या त्या उतारावर चर खणायचे. या कामाला शास्त्रीय मदत करणाऱ्यांत पुण्याची ॲक्वाडॅम संस्था होती, आपलीच माणसं. मला त्यातली एक गोष्ट फार पटली. झऱ्याला पाणी देणारा उतार पुष्कळदा झऱ्याच्या वर नसतो, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला असतो, दुसऱ्या गावाच्या हद्दीत. थर जिकडं कललेले, तिकडं पाणी.

आमच्याकडं थर जवळपास आडवे, म्हणून गणित त्या मानानं सोपं आहे. माथ्यावर सलग समतल चर, उतारावर दगडी बांध, ओढ्यावर माती नाला बांध. माथा ते पायथा हा क्रम मोडला नाही तर ऑक्टोबरातलं पाणी वर राहतं, हे मी स्वतः टेपवर वाचलं आहे. जलयुक्त शिवारात जिथं असा क्रम धरला गेला तिथं जानेवारीचा आकडा सुधारला. जिथं नुसता नाला खोल-रुंद करून मुरूम काढून नेला, तिथं पाण्याला धरणारा थरच गेला. आणि शेततळ्यांचं म्हणाल तर प्लास्टिक अंथरून त्यात बोअरचं पाणी भरणं हे मला मुळीच पटत नाही. खडकाच्या सावलीत असलेलं पाणी काढून उन्हात ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ होतो.

हे सगळं करूनही मे कोरडा जाऊ शकतो, कारण मुरलेलं पाणी शेवटी वाटलं कसं जातं हा प्रश्न उरतोच. औंढ्याच्या मंदिराच्या आवारातली बारव मी लहानपणापासून पाहते आहे. तिच्या पायऱ्या म्हणजे पट्टीच आहे. पाणी कितव्या पायरीवर आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतं. बोअरमधलं पाणी कुणालाच दिसत नाही, मालकालाही नाही. म्हणून काही गावांत आम्ही ऑक्टोबरातला आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला लागलो. पाणी किती खाली, पाऊस किती झाला, पिण्यासाठी जूनपर्यंत किती लागणार, गुराढोरांना किती, उरलं त्यात किती एकर हरभरा बसतो आणि किती एकर गहू. ग्रामसभेत हे वाचून दाखवायचं, तेही पेरणीच्या आधी.

तालुक्यातच दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला अंतिम मंजुरी दिली. अब्जावधी प्रकाशवर्षांवरून आलेली गुरुत्वीय लहर चार किलोमीटरच्या नळीत मोजायची, असं ते काम. माझ्या मनात येतं, एवढी बारीक मोजणी ज्या मातीत होणार, तिथल्या प्रत्येक गावाला स्वतःच्या विहिरीचा आकडा ठाऊक असलाच पाहिजे. हे मागणं फार मोठं नाही.

तांड्याच्या ग्रामसभेत हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा खालच्या विहिरीचा तोच शेतकरी उठला. त्या वर्षी त्यानं अर्धा एकर हळद लावली होती. हळद जूनमध्ये लागते, फेब्रुवारी-मार्चात निघते, मधेच पाणी तोडता येत नाही. तो म्हणाला, “हरभरा पेरतो मी, गहू नाही पेरत. पण हळदीचं काय? ती वाळली तर तांडा मला काय देनार?” सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. प्रश्न रास्त होता. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला हे कायदा सांगतो. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला १९९३च्या कायद्यानंच बंदी आणली होती. पण आधीपासून असलेल्या विहिरीवर, उभ्या पिकावर जगणाऱ्या माणसाला नुसता कायदा दाखवून भागत नाही.

त्यावर उत्तर दिलं ते बॅटरी धरून बसणाऱ्या मावशींनी. त्या म्हणाल्या, “सरकार एप्रिलात ह्येचीच हिर घेतं ना ताब्यात? रोजचे पैसे देतं ना? मग तेच पैसे दिवाळीला द्या की. तवा हिरीत पानी तरी असतं.”

अधिग्रहणाची तरतूद आहे, विहीरमालकाला मोबदला मिळतो, आराखड्याचा पहिला टप्पा ऑक्टोबरातच सुरू होतो. मोबदला पाणी शिल्लक असताना दिला तर शेतकऱ्याला गव्हाऐवजी हरभरा घ्यायला, हळदीला ठिबक बसवायला हातभार लागेल, आणि टँकरच्या खेपांवर जाणारे पैसे वाचतील. ग्रामसभेनं तसा ठराव केला. त्यासोबत विहिरीच्या मागच्या पाच वर्षांच्या चारही मोजण्या जोडून दिल्या, जानेवारीचा आकडा तांबड्या शाईनं लिहून. ठराव पुढं गेला आहे, मंजुरी अजून यायची आहे. मावशी दर ग्रामसभेला तो पुन्हा वाचून दाखवायला लावतात. यंदा शेजारच्या दोन वाड्यांनी तसाच ठराव करायचं ठरवलं आहे, आणि नमुना म्हणून तांड्याच्या विहिरीचे आकडे मागितले आहेत.